पहिला पसंतीक्रम मिळाला की माघार नाही! अमेरिकेतलं 'अर्ली डिसिजन' आणि आपल्याकडचे प्रवेश, यांचं गणित एकच आहे का?

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गाव. समजा, या गावातल्या एका मुलाने बारावीनंतर सीईटी दिली आणि मार्क बरे पडले. आता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचाय. तो तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर सेंटरवर गेला. सेंटरवाल्याने विचारलं, "पहिलं कॉलेज कुठलं टाकू?"

मुलगा म्हणाला, "पुण्याचं टाका. लागलं तर लागलं."

हे "लागलं तर लागलं" वाटतं तितकं साधं नाही. कारण ते कॉलेज खरंच लागलं, तर नियमाप्रमाणे त्याची जागा तिथेच पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत नांदेडचं कॉलेज मागायचा हक्क संपतो. घरी जाऊन वडिलांशी बोललो, पुण्याचा खर्च झेपणार नाही असं ठरलं, म्हणून पुढच्या फेरीत दुसरं टाकतो, असं चालत नाही.

अमेरिकेत अशाच एका पद्धतीवरून गेली वीस वर्षं वाद सुरू आहे. तिचं नाव 'अर्ली डिसिजन'. ऑगस्ट २०२५ मध्ये तर हे प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याकडे याच्याशी मिळताजुळता नियम दरवर्षी लाखो मुलांना लागू होतो आणि त्यातल्या अनेकांना तो जागा लागल्यावरच कळतो.

म्हणून ही भानगड नीट समजून घेऊ.

अर्ली डिसिजन म्हणजे काय?

अमेरिकेत आपल्यासारखी एकच सीईटी आणि एकच मेरिट लिस्ट नसते. प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज करायचा. साधारण जानेवारीपर्यंत अर्ज जातात, मार्चअखेर निकाल येतात आणि मग हातात आलेल्या कॉलेजांमधून मुलं एक निवडतात. कोण किती फी घेतंय, कोण किती आर्थिक मदत देतंय, हे समोरासमोर ठेवून बघता येतं.

अर्ली डिसिजनमध्ये हे सगळं आधी उरकतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज करायचा. सोबत लिहून द्यायचं की तुम्ही प्रवेश दिलात तर मी येणारच आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेणार. या कागदावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. निकाल डिसेंबरमध्ये लागतो.

यात मुलाचा फायदा काय? एक तर लवकर सुटका होते. दुसरं म्हणजे, बहुतेक कॉलेजांत या वाटेने अर्ज करणाऱ्यांमधून निवड होण्याचं प्रमाण नेहमीच्या अर्जदारांपेक्षा जास्त असतं. कॉलेजचाही फायदा आहे. प्रवेश दिलेला मुलगा येणार की नाही, ही धाकधूक राहत नाही. काही नावाजलेली कॉलेजं पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास जागा अशाच भरतात.

मग तोटा कुणाचा? ज्याला फीची तुलना करायची गरज आहे, त्याचा. ज्याच्या घरी पैसा आहे तो नोव्हेंबरमध्ये बिनधास्त सही करतो. ज्याला आधी कोण किती मदत देतंय ते बघायचंय, त्याला थांबावं लागतं. आणि तो थांबतो तोपर्यंत निम्म्या जागा गेलेल्या असतात.

हाच मुद्दा पुढे करत २००६ मध्ये हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी लवकर अर्ज घेण्याची पद्धत बंद केली होती. हार्वर्डची पद्धत तर बंधनकारकही नव्हती. पण इतरांनी ती वाट सोडली नाही आणि २०११ मध्ये या दोघांनीही लवकरचे अर्ज पुन्हा सुरू केले, मात्र सक्तीशिवाय. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल या विद्यापीठांत मात्र बंधनकारक अर्ली डिसिजन आजही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ नामांकित कॉलेजं आणि विद्यापीठांविरुद्ध खटला दाखल झाला. आरोप असा, की या पद्धतीमुळे कॉलेजांमधली स्पर्धा मरते आणि विद्यार्थ्यांना जास्त पैसे मोजावे लागतात.

आपल्याकडे हे कुठून आलं?

आपल्याकडे 'अर्ली डिसिजन' हा शब्द कुणी वापरत नाही. आपल्याकडे शब्द आहे 'पहिला पसंतीक्रम'.

आधी अकरावीचं बघू. मुंबईत ऑनलाईन अकरावी प्रवेश २००९ पासून आहेत. पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशी शहरं त्यात आली. पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जुनीच रीत चालू होती. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका घ्यायची, कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, नाव लावायचं.

२०२५-२६ पासून हे बदललं. संपूर्ण राज्यासाठी एकच ऑनलाईन प्रक्रिया आली. नऊ हजारांहून जास्त कनिष्ठ महाविद्यालयं आणि वीस लाखांहून जास्त जागा एका पोर्टलवर आल्या. विद्यार्थ्याने कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० पसंतीक्रम भरायचे. त्यासोबत मुंबई-पुण्यातल्या मुलांना ओळखीचा असलेला एक नियम साखऱ्याच्या मुलांनाही लागू झाला. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यायचाच. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग नियमित फेऱ्या संपून सर्वांसाठी खुली फेरी येईपर्यंत वाट बघायची.

हा नियम किती मुलांना लागू पडतो? २०२५ च्या पहिल्याच फेरीत ६ लाख ३२ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना कॉलेज मिळालं. त्यातल्या ४ लाख ५७ हजारांहून जास्त मुलांना पहिल्या पसंतीचं मिळालं. म्हणजे दर दहातल्या सात मुलांना.

आपण ही बातमी "इतक्या मुलांना पहिल्या पसंतीचं कॉलेज" अशी आनंदाने वाचतो. तिचा दुसरा अर्थ असा, की इतक्या मुलांसाठी निवडीचा विषय पहिल्याच फेरीत संपला.

इंजिनिअरिंगमध्ये तर पुढची पायरी

इंजिनिअरिंगचे प्रवेश सीईटी सेल 'कॅप' म्हणजे केंद्रीभूत फेऱ्यांमधून करतो. इथेही पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा 'ऑटो फ्रीझ' होते, म्हणजे आपोआप पक्की. २०२५ मध्ये फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि हा फास टप्प्याटप्प्याने आवळला गेला.

पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर पक्की. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तर पक्की. चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं.

या मर्यादेखालचा पसंतीक्रम लागला, तर जागा स्वीकारायची आणि 'बेटरमेंट' मागायचं, म्हणजे हातातली जागा ठेवून वरची मिळते का ते बघायचं. पुढच्या फेरीत वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते.

यात इंजिनिअरिंगचा एक बारकावा विसरू नका. इथे पसंतीक्रम म्हणजे नुसतं कॉलेज नाही, तर कॉलेज आणि शाखा यांची जोडी. पुण्याचं कॉलेज हवं म्हणून तिथली नको असलेली शाखा पहिल्या नंबरवर टाकली आणि ती लागली, तर ती पक्की झाली.

सरकार असं का करतं?

यामागे कारण आहे आणि ते खोटं नाही.

बंधन नसेल तर काय होतं? वरच्या मेरिटचा मुलगा एक जागा अडवून ठेवतो आणि दुसरीकडे प्रयत्न करत राहतो. त्याच्या मागचा मुलगा तीच जागा मिळावी म्हणून थांबतो. त्याच्यामागचा तिसरा, चौथा, पाचवा, असे सगळे थांबतात. वरच्याने जागा सोडली की सगळी साखळी हलते. मग फेऱ्या वाढतात, वर्ग उशिरा भरतात, पहिलं सत्र आखडतं आणि शेवटी जागा रिकाम्याच राहतात.

"तूच पहिलं लिहिलंस, तुला मिळालं, आता घे" असं म्हटलं की ही साखळी लवकर सुटते. मागच्या मुलाला त्याचा नंबर लवकर कळतो. त्यामुळे हा नियम सरसकट अन्यायाचा म्हणता येणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या दिवशी मुलगा पहिला पसंतीक्रम लिहितो, त्या दिवशी त्याला काय काय माहीत असतं?

"पहिलं सेफ टाक" हा सल्ला चुकीचा का?

त्याकडे जाण्याआधी एक गैरसमज काढून टाकू. गावोगावी एक सल्ला हमखास मिळतो: "पहिल्या नंबरवर सेफ कॉलेज टाक. मोठं टाकशील तर तेही जाईल आणि हेही जाईल."

अमेरिकेत या भीतीला अर्थ आहे. तिथे अर्ली डिसिजनचा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो. तो वाया गेला तर ती संधी गेली. आपल्याकडे यंत्रणा वेगळी चालते. कॉम्प्युटर मेरिटप्रमाणे एकेका मुलाची यादी उघडतो. पहिल्या पसंतीत जागा आहे का? नाही. दुसऱ्या पसंतीत? आहे, दिली. तुम्ही ते कॉलेज कितव्या नंबरवर लिहिलंय यावरून तुमचं मेरिट कमी-जास्त होत नाही.

उदाहरण घ्या. तुमचे ९२ पर्सेंटाइल आहेत. 'अ' कॉलेज ९६ ला बंद होतं, 'ब' कॉलेज ९० ला. तुम्ही 'अ' पहिलं आणि 'ब' दुसरं लिहिलं. 'अ' मिळालं नाही, 'ब' मिळालं. शेजारच्या ९१ वाल्याने 'ब' पहिलं लिहिलं होतं, म्हणून त्याला ते तुमच्या आधी मिळालं, असं होत नाही. तुमचे मार्क जास्त, नंबर तुमचा.

आता उलट करा. सेफ म्हणून तुम्ही 'ब' पहिलं लिहिलं. ते लागलं आणि पक्कं झालं. दुसऱ्या फेरीत 'अ' कॉलेज घसरून ९१.५ ला बंद झालं. तुम्हाला ते मिळालं असतं, पण तुम्ही यादीतच नाही. म्हणजे सेफ खेळायच्या नादात नुकसान झालं.

जगभरात अशा वाटपाचा अभ्यास झालाय. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोघांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशाच्या जुळणीवर एक निबंध लिहिला. त्याच धाग्यावर पुढे ॲल्विन रॉथ यांनी काम केलं आणि २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ व शॅप्ले यांना मिळालं. या अभ्यासातून पुढे आलेली एक सोपी गोष्ट आपल्या कामाची आहे. वाटपाची पद्धत नीट असेल, तर मनातला खरा क्रम लिहिणं हीच सगळ्यात चांगली चाल असते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण 'खरा क्रम' या शब्दांत आहे. मनातला क्रम खरा असायला हातात माहिती लागते आणि घरात पैसा किती येणार हे ठाऊक लागतं.

साखऱ्याच्या त्या मुलाकडे परत या. प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैपासून सुरू होतात. तेव्हा हिंगोली जिल्ह्यात खरिपाची पेरणी चालू असते. सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी. घरातला पैसा शेतात गेलेला असतो आणि तो परत येतो ऑक्टोबरनंतर, माल बाजारात गेल्यावर. म्हणजे ज्या महिन्यात मुलाने "हे कॉलेज घेणार म्हणजे घेणार" असं लिहून द्यायचं, त्याच महिन्यात घरात रोकड सगळ्यात कमी असते.

पहिल्या फेरीत जागा स्वीकारायचं शुल्क फार नसतं. खर्च त्यानंतर सुरू होतो. कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेस, गाडीभाडं. नांदेडला असेल तर पोरगा सकाळी निघून दुपारी घरी येतो, घरून डबा-पीठही नेतो. पुण्याचा प्रवास म्हणजे एक रात्र. एकाच शाखेचं आणि जवळपास तेवढ्याच फीचं कॉलेज असलं, तरी या दोन शहरांतला चार वर्षांचा खर्च वेगळा होतो.

सरकारी मदत नाही असं नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे, असं यांचं स्वरूप. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो.

मात्र या योजनांचा क्रम बघा. आधी प्रवेश, मग अर्ज, मग मंजुरी, मग पैसे. सरकारी वसतिगृहाचंही तसंच. कॉलेजात नाव लागल्याचा पुरावा आधी द्यायचा, खोली मिळते की नाही ते नंतर कळणार.

मुलाने शब्द आधी द्यायचा आणि तो शब्द परवडेल की नाही हे त्याला नंतर कळणार. अमेरिकेतल्या गरीब घरातल्या मुलाची तक्रार हीच आहे आणि सेनगाव तालुक्यातल्या मुलाची अडचणही हीच.

एक फरक मात्र मोठा आहे

अमेरिकेतल्या अर्ली डिसिजनवर कितीही टीका झाली तरी त्यात एक वाट ठेवलेली आहे. कॉलेजने देऊ केलेली आर्थिक मदत पुरत नाही, हे दाखवता आलं तर त्या वचनातून सुटका मिळते. मुलगा बाहेर पडून इतर कॉलेजांना अर्ज करू शकतो.

आपल्या नियमांत पहिला पसंतीक्रम सोडणाऱ्याला "का सोडलास?" असं विचारलंच जात नाही. मजा म्हणून सोडलेला, चुकून भरलेला आणि पैसा जमला नाही म्हणून सोडलेला, सगळे एकाच रांगेत बाहेर. शहरातल्या मुलाला याचा फारसा फटका बसत नाही, कारण त्याचं पहिलं आणि पाचवं कॉलेज एकाच लोकलच्या रस्त्यावर असतं. गावातल्या मुलाच्या यादीत मात्र प्रत्येक पसंतीक्रम म्हणजे वेगळं शहर आणि वेगळा खर्च असतो.

यावर उपाय फार अवघड नाहीत. उत्पन्नाचा दाखला आणि वसतिगृह न मिळाल्याचा कागद दाखवणाऱ्याला पुढच्या एका फेरीत बसू द्यावं. किंवा वसतिगृहाचे अर्ज पसंतीक्रम भरण्याच्या आधी घ्यावेत, म्हणजे मुलाला निदान अंदाज येईल. जागा अडवणाऱ्यांना आवर बसेलच आणि खऱ्या गरजवंताची वाटही बंद होणार नाही.

तोपर्यंत काय करायचं?

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोपर्यंत फॉर्म भरताना या पाच गोष्टी बघा.

एक. पहिल्या पसंतीचं कॉलेज उद्या सकाळी लागलं तर बॅग भरून जाणार का? उत्तर "बघू" असेल, तर ते पहिल्या नंबरवर टाकू नका.

दोन. खर्चाचा हिशोब घरात बसून आधी करा. फी वेगळी लिहा, राहणं-खाणं वेगळं लिहा. योजनेचे पैसे उशिरा येतील असं धरून पहिले सहा महिने कसे निघतील ते बघा.

तीन. कागद तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात प्रमाणपत्र, जात वैधता. राखीव जागेवर कॉलेज लागलं आणि कागद मुदतीत दाखवता आला नाही, तर हातातली जागा धोक्यात येते.

चार. फेरी बदलली की यादी पुन्हा वाचा. नव्या फेरीआधी पसंतीक्रम नव्याने भरता येतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा बंधनकारक, हा २०२५ चा नियम होता. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायचा कंटाळा करू नका.

पाच. फॉर्म सेंटरवाल्याकडून भरला तरी पासवर्ड स्वतःकडे ठेवा, ओटीपी घरातल्या मोबाईलवर घ्या आणि 'कन्फर्म' करण्याआधी यादी ओळ न् ओळ वाचा. कॉलेजचे कोड सारखे दिसतात. एक आकडा चुकला तर शहर चुकतं.

आणि त्या सेंटरवाल्याने "पहिलं कुठलं टाकू?" असं विचारलं, तर एक दिवस मागून घ्या. शेवटच्या तारखेला नाही, दोन दिवस आधी जा, म्हणजे हा एक दिवस हाताशी राहील. त्या रात्री घरी सगळे एकत्र बसा, पुण्याचा आणि नांदेडचा खर्च वहीत शेजारी-शेजारी लिहा. पुणंच परवडत असेल तर पुणंच पहिलं टाका, बिनधास्त. फक्त त्या वेळी "लागलं तर लागलं" म्हणू नका. "लागलं तर जाणार" असं म्हणता आलं, तरच ते पहिलं.